राजधानीच्या रस्त्याचं वळण

आपल्यावर संशय आहे, हे कुमुदिनीला कुणीही सांगितलं नाही. टोकियोतल्या ऑफिसात असलं काही तोंडावर सांगायची पद्धत नसते; ते आपलं आपण ओळखायचं असतं. आधी एका फोल्डरचा पासवर्ड बदलला. मग सोमवारची मीटिंग तिच्या कॅलेंडरवरून नाहीशी झाली. तिने विचारलं तेव्हा तिचे साहेब होंजो-सान इतक्या वेळा वाकून माफी मागू लागले, की मीटिंगचं राहिलंच बाजूला. पुढे पुढे ती चहाच्या मशीनपाशी गेली की तिथली माणसं एकदम हवापाण्यावर बोलू लागायची. जपानी माणसं हवापाण्यावर नेहमीच बोलतात, हे खरं. पण वाक्य अर्धवट टाकून हवेवर आली, की समजावं, आधीचा विषय आपण होतो.

प्रकरण तिकडचं होतं, भारतातलं. एका राज्याला नवी राजधानी हवी होती. जुनी पुरेनाशी झाली होती, आणि मुख्यमंत्र्यांना आपल्या नावाने काहीतरी टोलेजंग मागे ठेवायचं होतं. ही दोन्ही कारणं खरी होती. दुसरं जरा जास्त खरं होतं. शेतजमिनीवर अख्खं शहर आखायचं काम कुमुदिनीच्या जपानी कंपनीला मिळालं. पहिल्या मुख्यमंत्र्यांना विधानभवन नदीकाठी हवं होतं. निवडणुकीनंतर दुसरे आले, त्यांना ते टेकडीवर हवं झालं. दोघांनाही ते आपापल्या मतदारसंघाच्या बाजूला हवं होतं. दर निवडणुकीला नकाशा कूस बदलायचा आणि टोकियोतली माणसं निमूटपणे नवा नकाशा काढायची.

कुमुदिनीकडे रिंग रोड होता. शहर पुढे कुठवर पसरणार, हे त्या रस्त्यावर ठरणार होतं. रस्ता जातो तिकडे शहर जातं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. जमिनी घेणाऱ्यांना तर फारच लवकर कळतं. म्हणून त्याची आखणी जाहीर होईपर्यंत कडीकुलपात होती. ती जाहीर झाली आणि लगेच तिकडच्या वर्तमानपत्रांनी बोंब ठोकली. रस्ता पश्चिमेला जिथे बाहेरच्या बाजूने मोठं वळण घेतो, तिथली सगळी जमीन मोजक्या लोकांनी आधीच घेऊन ठेवली होती. विरोधी पक्षाने विधानसभा डोक्यावर घेतली. सरकारने कानांवर हात ठेवले, आणि आखणी जपानमधून फुटली असं सगळ्यांच्या सोयीने ठरून गेलं. टीममध्ये भारतीय दोनच होते. एक कुमुदिनी, दुसरा अद्वय.

कुमुदिनीला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, की संशय तिच्यावर यावा! २०११च्या मार्चमध्ये भूकंप झाला, फुकुशिमाच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा ऑफिसातले परदेशी लोक मिळेल त्या विमानाने पळाले होते. तिच्या नवऱ्याने, धीरजने, तिकिटं काढलीही होती. लेक केतकी तेव्हा तान्ही होती. तरी ही गेली नाही. गाड्या बंद होत्या तर चालत ऑफिसात आली, आणि पडलेली कपाटं होंजो-सानबरोबर उचलत राहिली. ‘कुमुदिनी-सान थांबल्या,’ असं पुढे प्रत्येक नव्या माणसाला सांगितलं जायचं. त्या एका गोष्टीच्या भांडवलावर तिने ऑफिसातली सात वर्षं ताठ मानेने काढली होती. आता ते सगळं एका पासवर्डपाशी येऊन थांबलं होतं.

आणि अद्वय? तो तर तिनेच आणलेला. कोल्हापूरचा मुलगा, भूकंपानंतर सेंदाईच्या विद्यापीठात पीएचडीला आला. त्सुनामीत समुद्राने नेलेली गावं उंचावर कुठे वसवायची, हा त्याचा विषय. नकाशा काढण्याआधी तो तात्पुरत्या घरांतल्या म्हाताऱ्यांपाशी जाऊन बसायचा, त्यांच्याबरोबर ती जमीन पायी हिंडायचा. त्याचं ते काम तिने एका परिषदेत पाहिलं आणि होंजो-सानपाशी शब्द टाकून त्याला टोकियोला आणवलं. तो राहायला टोकियोलगतच्या ग्योतोकुलाच आला, तिच्या घरापासून सायकलच्या अंतरावर. दर रविवारी दुपारी तिच्याकडे जेवायचा. आईबापाशी जपानीत बोलणारी केतकी त्याच्याशी मात्र मराठीत भांडायची. कुमुदिनीला भाऊ नव्हता. ती उणीव त्याने कधी भरून काढली ते तिलाही कळलं नव्हतं.

त्याच अद्वयने एका रविवारी आमटी वाढून घेता घेता विचारलं, “ताई, ते पश्चिमेचं वळण आहे ना, ती साइट तुम्ही स्वतः पाहिली होतीत?”

“देशमान्यांनी पाहिली होती. का?”

“असंच.”

पंढरीनाथ देशमाने म्हणजे राजधानी प्राधिकरणाचे सल्लागार. महाराष्ट्रात सरकारी इंजिनियर होते. निवृत्तीनंतर तिकडे चिकटले. रिंग रोडची पहिली आखणी चालू असताना त्यांचा फोन आला होता. “कुमुदताई, तिथे एक जुनं तळं आहे हो. हिवाळ्यात पाखरं उतरतात. रस्ता जरा बाहेरून घ्या की. आपल्या माणसाला हक्काने सांगतोय.” परक्या देशात, इंग्रजी आणि जपानीच्या रगाड्यात, वडिलांच्या वयाच्या माणसाने मराठीत ‘आपल्या माणसाला’ म्हटलं की विरघळायला होतं. ती विरघळली आणि तिने रस्ता वळवला. होंजो-सानना पाखरांचं फार कौतुक वाटलं. यात लपवण्यासारखं काही आहे, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. मग अद्वयने ते का उकरून काढावं? आणि ‘असंच’ म्हणताना ताटात का बघावं?

तिच्या मनात पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकली की मग तिला गप्प कोण करणार? पुढचे रविवार त्याने काहीबाही सांगून चुकवले. ऑफिसात तो कॉम्प्युटरवर जुने नकाशे काढून बघत बसायचा, आणि ती मागून गेली की खिडकी बंद करायचा. वळणाची चौकशी हा करतो, तो तिथली जमीन काय भावाने गेली हे काढायला तर नव्हे? घरी धीरजला तिने सांगितलं, तर तो म्हणाला, “तूच त्याला विचार ना सरळ.” सरळ विचारणं किती सोपं असतं, हे नेहमी बाहेरच्याला कळतं.

मग अद्वय रजेवर गेला. “घरी जाऊन येतो, कोल्हापूरला,” म्हणाला. परत आला तेव्हा त्याने प्रिंटरजवळच्या टेबलावर डबा ठेवला. त्या ऑफिसात हा नेमच होता. कुणी कुठेही जाऊन आलं की तिथली म्हणून जी काही मिठाई असेल ती आणायची, टेबलावर ठेवायची, आणि बाकीच्यांनी आपापला वाटा उचलायचा. आणली नाही म्हणून कुणी बोलत नाही. पण न आणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. अद्वय जपानात इतका मुरला होता, की नागडा परत आला असता तरी हातात मिठाई असती.

कुमुदिनी वाटा उचलायला गेली आणि हात तसाच राहिला. ताडाच्या पानांनी विणलेला डबा होता, आत गुळाची काळपट वडी. ही वडी तिने ओळखली. राजधानीच्या जागेच्या पहिल्या दौऱ्यात, तिथल्या तालुक्याच्या बस स्टँडवर गाडी बदलताना, तिने ती खाल्ली होती. तशी पुन्हा कुठे पाहिली नव्हती. कोल्हापूरला तर नाहीच.

ती त्याच्या टेबलापाशी गेली. “काय म्हणतंय कोल्हापूर? आई बरी आहे?”

“मजेत आहे, ताई.” आणि पुन्हा नजर खाली.

आई मजेत असेलही. पण हा कोल्हापूरहून आलेला नाही, हे कुमुदिनीला आता लख्ख कळलं. तो तिकडे गेला होता, गुपचूप, ज्या जमिनींवरून एवढं रण पेटलं होतं तिथे. कशाला? आपला वाटा घ्यायला? या पोराला आपण घरात घेतलं, लेकीच्या शेजारी बसवून जेवू घातलं, आणि याच्यापायी आपण इथे चोर ठरतोय!

दुपारी होंजो-सान टेबलापाशी उभे राहून ती वडी चघळत होते. “ही कोल्हापूरची खासियत का?” त्यांनी तिला विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं, हसत हसत.

‘हो’ म्हणून ती पुढे जाऊ शकली असती. ती म्हणाली, “मी ही राजधानीच्या जागेपाशी खाल्ली होती. कोल्हापूरला मात्र...” आणि वाक्य तिथेच सोडलं. जपानीत सोडून दिलेलं वाक्य पुऱ्या वाक्यापेक्षा दूर जातं, हे तिला इतक्या वर्षांत पक्कं ठाऊक झालं होतं. होंजो-सानचं चघळणं थांबलं. त्यांनी मान हलवली, आणि राहिलेला तुकडा कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

मग सगळं मुकाट्याने झालं. अद्वयला लहान मीटिंग रूममध्ये बोलावलं. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता, पण तो कुणाशी काही बोलला नाही. त्याचा करार मार्चअखेर संपत होता. तो वाढवला नाही, एवढंच. कुणी आरोप केला नाही, कुणी आवाज चढवला नाही. शेवटच्या दिवशी त्याला फुलांचा गुच्छ दिला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माणसाला काढतानाही टाळ्या वाजवणारं ते ऑफिस! कुमुदिनीनेही वाजवल्या. तिकडे राजधानीत कुणीतरी ‘जपानी कंपनीने दोषी माणसाला दूर केलं’ अशी बातमी सोडली आणि विधानसभा शांत झाली.

कुमुदिनीच्या कॅलेंडरवर सोमवारची मीटिंग परत आली. फोल्डर उघडू लागला. तिला हायसं वाटलं. वाईटही वाटलं, पण हायसं आधी वाटलं, आणि हे तिचं तिला कळलं. आपण कुठे काय सांगितलं, आपण तर एका वडीबद्दल बोललो, अशी तिने मनाची समजूत घातली. अद्वय सेंदाईला आपल्या जुन्या प्रोफेसरांकडे गेला होता. केतकीने “अद्वयदादा का येत नाही?” असं जपानीत, फुरंगटून विचारलं, तेव्हा तिने “त्याला तिकडे काम लागलंय” म्हणून विषय मिटवला.

शरद ऋतूत प्राधिकरणाचं शिष्टमंडळ टोकियोला आलं. त्यात पंढरीनाथ देशमाने होते. हॉटेलच्या जेवणाने ते कावले होते, म्हणून कुमुदिनीने त्यांना रविवारी दुपारी ग्योतोकुला घरी बोलावलं. धीरज केतकीला घेऊन पोहायच्या क्लासला गेला होता. वरण, भात, वांग्याची भाजी, कोशिंबीर. देशमान्यांनी पोटभर हाणलं, ढेकर दिला आणि तृप्त होऊन म्हणाले, “तुमचे फार उपकार आहेत, कुमुदताई. त्यातून ते प्रकरणही मिटलं. त्या पोराचा मात्र फुकट बळी गेला.”

“फुकट कसा? आखणी त्यानेच फोडली ना?”

देशमाने हसायला लागले. लहान मुलाने काही भाबडं विचारावं आणि मोठ्याने हसावं, तसे. “तो काय फोडणार! फोडायला होतं काय? आमच्या मुख्यमंत्रीसाहेबांच्या माणसांनी जमिनी कधीच्या घेऊन ठेवल्या होत्या. शहर त्या बाजूला वाढणार, असा सगळ्यांचा होरा. आणि तुमचा पहिला नकाशा आला, तर रस्ता तिथून लांबच! साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणून तर तुम्हाला फोन केला.”

कुमुदिनीने भाताचा चमचा खाली ठेवला. “आणि तळं?”

“पावसाळ्यात साचतं की पाणी. पाखरं काय, कुठेही येतात.” मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि त्यांचं हसू जरा आखडलं. “मला वाटलं, तुम्ही समजून घेतलंत. समजूतदार बाई आहात तुम्ही.”

सगळं जग ‘रस्ता कुणी सांगितला’ म्हणून चोर शोधत होतं, आणि इकडे जमिनीकडे बघून रस्ता काढला गेला होता. काढणारा हात तिचा होता.

“तो पोरगा मात्र बेरका,” देशमाने ताक ओतून घेत म्हणाले. “तिकडे येऊन शेतकऱ्यांच्या दारोदार हिंडत होता. जमीन कधी विकलीत, तळं कुठे होतं, दाखवा. माझ्या कानावर आलं तेव्हा धाकधूक झाली होती. पण कुठे काही बोलला नाही बिचारा.”

देशमाने गेल्यावर ती ओट्यापाशी नळ सोडून नुसती उभी राहिली. जिथे जातो म्हणून सांगितलं होतं तिथलीच मिठाई चोराने विकत घेतली असती. मुंबईच्या विमानतळावर कोल्हापूरचं हवं ते मिळतं. अद्वयने मुकाट्याने खरीखुरी तिथली वडी आणून सगळ्यांपुढे ठेवली, कारण लपवावी अशी चोरी त्याने केलीच नव्हती. एवढी साधी गोष्ट आपल्याला तेव्हा का कळली नाही? कळली नाही, की कळून घ्यायची नव्हती? संशय कुणा दुसऱ्यावर सरकतोय एवढंच आपण पाहिलं, आणि लगेच हात लावून सरकवला.

मंगळवारी रजा टाकून ती शिंकान्सेनने, बुलेट ट्रेनने, सेंदाईला गेली. अद्वय विद्यापीठाच्या सबवे स्टेशनाबाहेर सायकल धरून उभा होता. बारीक झाला होता. “ताई, अचानक?” म्हणाला, आणि तिची पर्स आपण होऊन सायकलच्या टोपलीत ठेवली. ते झाडाखालच्या बाकावर बसले. देशमाने काय म्हणाले ते तिने सांगून टाकलं, काही न गाळता.

“माहीत होतं मला,” तो म्हणाला. “म्हणजे, जमिनी आधी घेतल्या होत्या हे कळलं होतं. तळंबिळं काही नव्हतं. तुम्ही त्यात होतात की नव्हतात, तेवढंच कळत नव्हतं.”

“तू माझ्यावर संशय घेतलास?”

“जुने नकाशे बघितले तर वळण तुमच्या हातचं होतं. काय समजायचं? त्यासाठीच तर तिकडे गेलो. सेंदाईत शिकलोय, कागदावर विश्वास नाही ठेवायचा, जाऊन विचारायचं. तुम्ही फसलायत असं कुणीतरी सांगावं म्हणून हिंडत होतो. कुणाला तुमचं नावच माहीत नव्हतं.” तो ओशाळवाणं हसला. “मग होंजो-साननी विचारलं, तिकडे का गेला होतास. खरं सांगितलं असतं तर वळण तुम्ही दिलंत हे बाहेर आलं असतं. मग म्हटलं, खासगी काम होतं.”

कुमुदिनी म्हणाली, “आणि त्यात तुझं काम गेलं.”

“मला दुसरं मिळालं. तुमची केतकी आहे, तिची शाळा आहे.” मग तो म्हणाला, “एकच कोडं सुटलं नाही. मी तिकडे गेलो होतो हे होंजो-सानना कळलं कसं? देशमान्यांनीच कळवलं असणार.”

देशमान्यांच्या नावावर खपवणं किती सोपं होतं! त्या माणसाच्या अंगावर आणखी एक पाप चढलं असतं तर कुणाला जड जाणार होतं? अद्वयने पुढच्या रविवारी नाही, पण कधीतरी ग्योतोकुला येऊन पुन्हा ताट पुढे केलं असतं. हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

“देशमान्यांनी नाही,” ती म्हणाली. “मी. तू आणलेली वडी मी ओळखली. होंजो-सानना मी सांगितलं.”

समोरून मुलांचा घोळका हसत खिदळत गेला, त्यांच्याकडे अद्वय पाहत राहिला. मग म्हणाला, “एकदा मला विचारायचं होतंत.”

“तू तरी मला सरळ कुठे विचारलंस?” तिच्या तोंडून निघून गेलं.

“नाही विचारलं,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकवेना. “पण मी कुणाला सांगितलंही नाही, ताई.”

तिने फोन काढला आणि त्याच्यासमोरच होंजो-सानना लावला. पश्चिमेचं वळण मी दिलं, एका माणसाच्या शब्दावर, जागा न पाहता, आणि जमिनी त्याच्या आधीच घेतलेल्या होत्या. अद्वयने काहीही फोडलेलं नाही, असं तिने स्पष्ट जपानीत, प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत नेत सांगितलं. मग होंजो-सान म्हणाले, उद्या सकाळी नऊला या, आणि तोवर टीममध्ये कुणाशी बोलू नका. या आवाजातलं सौजन्य तिच्या ओळखीचं होतं. उद्यापासून आपली जागा तिथे नाही, हे तिला कळलं.

तिने फोन ठेवला. अद्वयने टोपलीतली पर्स काढून तिच्या हातात दिली आणि सायकलचं स्टँड वर केलं.

“जातो मी,” तो म्हणाला.

‘जातो नाही रे, येतो म्हणावं,’ हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते सांगायचा हक्क तिच्याकडे उरला नव्हता, आणि ती नुसती मान हलवून त्याला जाताना पाहत राहिली.